कोळी येतो, जाळं लावतो

चिचखेडा,
दि. २२ सप्टेंबर २००७

चि. उर्वशीस,
घनश्याममामाचा आशीर्वाद.

तू कंपनीकडून मागून पाठवलेला कॅमेरा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर बसवला. पाणी सोडायच्या तुडुमाजवळ लोखंडी खांब रोवला, त्यावर कॅमेरा. पावसानं भिजू नये म्हणून सुकलूनं तेलाचा डबा कापून वर पत्र्याची टोपी केली. टोपी चारही बाजूंनी वीतभर खाली उतरते, त्यामुळे कॅमेरा डोक्यावर इरलं घेतलेल्या बाईसारखा दिसतो. वायर पाळीवरून आपल्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात आणली आणि तू सांगितलेल्या डब्यात खोचली.

हे सुखासुखी झालं नाही. सभेत वारलू ढिवर उठला आणि म्हणाला, "चोर एक, आन् डोया साऱ्यायवर. हा कोन्ता न्याय?" टाळ्या पडल्या. मग मी बोललो. म्हटलं, हा तलाव राजाचा होता, मग मालगुजाराचा झाला, मग सरकारचा. तेव्हा राखण करणारे दुसरे होते आणि मार खाणारे आपण होतो. आता तलाव आपला आहे. आषाढात सोडलेलं मासळीचं बीज रातोरात कोणी नेत असेल तर आपल्या मालावर डोळा आपणच ठेवला पाहिजे. त्यावरही टाळ्या पडल्या, वारलूपेक्षा जास्त. ठराव झाला.

आता तक्रार. ऑफिसात कॉम्प्युटर नाही, म्हणून सोसायटीचा सुरेंद्र तालुक्याच्या नेट कॅफेत जाऊन पाहून आला. म्हणतो चित्र येतं, थांबतं, जातं, पुन्हा येतं. यंत्र बिघडलेलं दिलंस की काय? दुसरं, परवा त्यानं आपोआप मान फिरवली आणि पाळीवर कपडे धुणाऱ्या बायका धुणं टाकून पळाल्या. तुझी आई त्यात होती. ती बरी आहे, पण तुझ्यावर रागावली आहे.

तुझा,
घनश्याममामा

*

पुणे,
दि. २९ सप्टेंबर २००७

ती. मामांस,
सा. न.

मान मी फिरवली होती. कॅमेऱ्याची मान इथून, माझ्या टेबलावरून फिरवता येते, डावी-उजवी आणि वर-खाली. धुण्याच्या दगडाकडे तो पुन्हा वळणार नाही, हे आईला आणि बाकीच्यांना माझ्या नावानं सांगा. त्या बाजूला फिरूच नये असा बंदोबस्त केला आहे.

यंत्र बिघडलेलं नाही. चित्र येतं तेव्हा चांगलं येतं. मला पाळ दिसते, तुडूम दिसतं, मोहाच्या झाडाखालचा सभेचा ओटा दिसतो. आवाज मात्र येत नाही, या कॅमेऱ्याला कान नाहीत. म्हणजे दोष कॅमेऱ्यात नसून लाइनमध्ये आहे. ऑफिसातल्या डब्यावर चार दिवे आहेत. तिसरा दिवा स्थिर असला तर लाइन चालू, लुकलुकला तर लाइन तुटलेली. तो लुकलुकतो तेव्हा ऑफिसात काय चाललेलं असतं, ते मला कळवा. पंखा सुरू होतो का, पंप सुरू होतो का, वीज कमी होते का. काहीही सोडू नका, तुम्हाला क्षुल्लक वाटलं तरी.

मोबाइल तिथे लागत नाही आणि ऑफिसच्या फोनवर तुम्ही कधीच सापडत नाही, म्हणून हे पत्रानं चाललं आहे. माझे सहकारी हसतात. जगातला हा पहिला इंटरनेट कॅमेरा असेल ज्याची दुरुस्ती पोस्टानं होते आहे.

आपली,
उर्वशी

*

चिचखेडा,
दि. ८ ऑक्टोबर २००७

चि. उर्वशीस,
आशीर्वाद.

दिव्यासमोर मी स्वतः बसलो. लोक विचारायचे, भाऊ, कोन्ती पूजा मांडून राह्यले? पंख्याचा संबंध नाही. पंपाचा नाही. वीज जाते तेव्हा तर सगळंच जातं, त्याचं दुःख नाही.

दिवा लुकलुकतो तो फोनची घंटी वाजली की. उचलला की पार मरतो. ठेवला की थोड्या वेळानं जिवंत होतो. मासळीचे व्यापारी सकाळी फोन करतात, तेव्हा लुकलुकतो. सगळ्यात लांब मरतो तो रविवारी दिवेलागणीला. तेव्हा तुझी आई येऊन बसलेली असते आणि तू फोन केलेला असतो. इंदिराबाईचं बोलणं तुला ठाऊक आहे. कोणाची म्हैस व्याली इथपासून सुरू होतं.

म्हणजे भाचे, चोरावरचा डोळा आठवड्यातून एकदा तूच बांधून ठेवतेस. मी कुणाला बोललो नाही. वारलूच्या कानावर गेलं तर तो वर्षभर पुरवील.

तुझा,
घनश्याममामा

*

पुणे,
दि. १५ ऑक्टोबर २००७

ती. मामांस,
सा. न.

तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे, आणि लाजिरवाणंही. त्या एकाच तारेतून बोलणं आणि नेट दोन्ही जातात. दोन्ही वेगळं करणारी एक छोटी डबी फोनच्या आधी लावावी लागते, स्प्लिटर म्हणतात तिला. ती मी सामानात टाकायला विसरले. ती नसली की फोन नेटला ढकलून देतो.

डबी पाठवते, पण आमच्याकडे आता शिल्लक नाही आणि दिवाळीपर्यंत येण्याची आशा नाही. तोवर फोन तारेवरून काढून ठेवा. व्यापाऱ्यांना सांगा, काम असेल तर माणूस पाठवा. आईला सांगा की मी रविवारी पत्र लिहीन. ते सुरेंद्रनं वाचून दाखवावं, आणि म्हशीचं उत्तर त्यानंच लिहावं.

उर्वशी

*

चिचखेडा,
दि. २७ ऑक्टोबर २००७

चि. उर्वशीस,
आशीर्वाद.

फोन काढून कपाटात ठेवला. तिसरा दिवा तेव्हापासून डोळा न मिटता उभा आहे. गावात एकच फोन होता, तोही गेला, म्हणून लोक कुरकुरतात. मी म्हटलं, आपले आजे हाकेवर जगले, आपण दोन महिने जगू. इंदिराबाई रविवारी सवयीनं येऊन खुर्चीवर बसली होती. मग उठून गेली.

आता दुसरं. सुरेंद्र म्हणतो दिवसा तळहातासारखं स्पष्ट दिसतं, पण अंधार पडला की पडद्यावर पांढरं पांढरं पसरतं आणि पलीकडचं काही दिसत नाही. चोर काय दिवसा येणार आहे? दसऱ्यानंतर मी स्वतः जाळं टाकून पाहिलं, रोहूचं जे पोर हाताएवढं व्हायला हवं होतं ते मोजकंच लागलं. लोक आता उघड बोलतात की अध्यक्षानं खांबावर बुजगावणं उभं केलं. सभेत मी शब्द दिला आहे. तू पाहा आणि मला मोघम नको, ठाम कळव. मला सभेत वाचून दाखवायचं आहे.

घनश्याममामा

*

पुणे,
दि. ३ नोव्हेंबर २००७

ती. मामांस,
सा. न.

दिवाळीच्या आधीची गर्दी आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तुम्हाला ठाम हवं होतं, तसंच लिहिते.

लाइन उत्तम आहे. काचेवर बाष्प नाही. फोकस ठीक आहे. रात्रीसाठीचे बारीक दिवे चालू आहेत. दोष एकच आहे. कोळी. तो अंधार पडला की येतो, जाळं लावतो आणि पहाटे निघून जातो. दिवसा शोधाल तर दिसणार नाही, दडून बसतो. कॅमेऱ्याच्या दिव्यांमुळे त्याला शिकार आयती मिळते, म्हणून त्यानं तीच जागा धरली आहे. बऱ्याच रात्रींची चित्रं पाहिली. दर वेळी तोच. त्याला तिथून कायमचा हटवा, त्याशिवाय रात्रीचं चित्र साफ होणार नाही.

एका रात्रीचं चित्र छापून सोबत पाठवते. आमच्या ऑफिसचा प्रिंटर काळा-पांढराच आहे, पण समजेल.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.

उर्वशी

*

चिचखेडा,
दि. १६ नोव्हेंबर २००७

चि. उर्वशीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीनंतर मिळालं. शाबास. असं पत्र हवं होतं.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती टोचली. आम्ही ढिवर. कोळी ते समुद्रावरचे. त्यांचं पाणी खारट, आमचं गोडं. पुण्यात सगळ्यांना एकाच टोपलीत टाकत असतील आणि तिथं राहून तुझ्याही तोंडात तेच बसलं असेल. आपल्या माणसाला आपल्या नावानं हाक मारावी, मग तो चोर का असेना. असो.

पत्र मी कमिटीत वाचलं. अंधार पडला की येतो, जाळं लावतो, पहाटे जातो, दर वेळी तोच. उजेडावर मासा धावतो हे आपल्याकडे लहान लेकराला ठाऊक आहे, पण आपणच लावलेल्या दिव्याखाली तो जाळं टाकील हे मला सुचलं नव्हतं. मग छापलेलं चित्र हातोहात फिरलं. सगळं धुरकट. मधोमध काळी आकृती, वाकलेली, पाय फाकवून उभी, आणि तिच्या चारी बाजूंना पसरलेलं जाळं. तोंड दिसत नाही. कमिटीतल्या नथ्थूनं चित्र उन्हाकडे धरलं आणि म्हणाला, "हे पाठ वारलूची हाये."

वारलूला बोलावलं. मी नीट, शांतपणे विचारलं, रात्री पाळीवर असतोस काय? तो म्हणाला, "असतो. रोज असतो." काऊन? तो म्हणाला, "माही मर्जी." आणखी विचारलं तर तोंड शिवून बसला. कॅमेऱ्याला विरोध करणारा तोच होता, हे कमिटी विसरलेली नाही.

त्याचं जाळं ऑफिसात जमा केलं आहे. रविवार दि. २ डिसेंबरला सकाळी पाळीवर, मोहाखालच्या ओट्यावर सर्वसाधारण सभा आहे. त्यात सोसायटीतून त्याचं नाव कमी करण्याचा ठराव येईल. नाव गेलं की या तलावात त्याला जाळं टाकता येणार नाही. त्याला शेत नाही, दुसरा धंदा नाही, वयही माझ्यापेक्षा जास्त आहे. हे मला कळतं. पण न्याय माणूस पाहून करायचा नसतो. मी आयुष्यभर हेच बोलत आलो आणि आज तो आपल्याच आळीचा निघाला म्हणून जीभ आवरू काय?

तुझं पत्र सभेत पुरावा म्हणून वाचीन.

तुझा,
घनश्याममामा

*

पुणे,
दि. २७ नोव्हेंबर २००७

ती. मामा,

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. हे स्पीड पोस्टानं पाठवते आहे, तरी रविवारच्या आत पोचेल याची खात्री नाही.

कोळी म्हणजे माणूस नव्हे. कोळी म्हणजे कातीन. आठ पायांची, जाळं विणणारी कातीन. पुण्यात तिला कोळी म्हणतात. सुकलूभाऊंनी केलेल्या पत्र्याच्या टोपीत ती दिवसा दडते आणि रात्री टोपीच्या काठापासून काठापर्यंत, बरोबर काचेपुढे जाळं विणते. कॅमेऱ्याच्या दिव्यांकडे किडे येतात, तेच तिची शिकार. तिचं जाळं काचेच्या इतकं जवळ असतं की दिव्यांचा सगळा प्रकाश त्यावरच पडून परत फिरतो आणि चित्र पांढरं होतं. त्या छापलेल्या चित्रातली पाठ कातीनीची आहे, मामा. बोटाच्या पेराएवढी आहे. काचेजवळ आहे म्हणून माणसाएवढी दिसते.

वारलूमामांचं नाव माझ्या पत्रात कुठेही नव्हतं. कृपा करून ठराव थांबवा.

ऑफिसच्या फोनवर घंटी जाते आहे असं इथे वाटतं, पण तो कपाटात आहे आणि तो मीच काढायला लावला. तालुक्याच्या सायकल दुकानात फोन केला. ते म्हणाले, चिचखेड्याचं कोणी दिसलं तर निरोप देतो. मी त्यांना सांगितलं आहे: कोळी म्हणजे किडा, माणूस नव्हे. स्वतः निघाले असते, पण शनिवारी माझी रात्रपाळी आहे आणि बदली घ्यायला कोणी तयार नाही. रविवारी सकाळी मी ऑफिसातच असेन.

उर्वशी

*

चिचखेडा,
दि. ३ डिसेंबर २००७

चि. उर्वशीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आज सकाळी आलं. सभा काल झाली. क्रमानं सांगतो, कारण तू पाहिलंस पण ऐकलं नाहीस.

तुझा निरोप मात्र वेळेवर आला होता. नथ्थू शनिवारी सायकलचा टायर बदलायला गेला आणि दुकानदाराचे शब्द जसेच्या तसे घेऊन आला: उर्वशी म्हणते, कोळी म्हणजे किडा, माणूस नव्हे. मी सभेची सुरुवात त्यानंच केली. म्हटलं, आपल्या गावची लेक, शिकलेली, मवाळ स्वभावाची, तिलासुद्धा ही चोरी इतकी लागली की तिनं चोराला माणसातून काढलं. इतके तिखट शब्द मीही वापरले नसते.

मग मी बोललो. किती वेळ, ते विचारू नको. तलाव कोणाचा, घाम कोणाचा, सोसायटीसाठी आपले लोक कसे कचेऱ्यांचे उंबरे झिजवत फिरले, सगळं आलं. वारलू पहिल्या रांगेत उकिडवा बसून काडीनं मातीत रेघा ओढत होता. त्याची बायको कमळाबाई बायकांमध्ये मागे होती. मी शेवटी म्हणालो, म्हणून ही सभा वारलू ढिवर याचं नाव कमी करत आहे, हात वर करा. हात वर व्हायला लागले.

तेवढ्यात सुकलू म्हणाला, "भाऊ, वर पाह्य."

खांबावरचा कॅमेरा मान हलवत होता. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. थांबेना. वारा नव्हता, मोहाचं पान हलत नव्हतं. वर गेलेले हात तसेच राहिले. कोणीतरी हात जोडले. मागून कमळाबाईचा आवाज आला, "पाहा, त्यालेबी मंजूर नाई."

लोक हसले, पण घाबरून. मला राग आला. मी म्हटलं, हे देव नाही, भूत नाही. पुण्यात बसून उर्वशी मान फिरवते आहे. तिला काही सांगायचं आहे. नथ्थू म्हणाला, मग विचारा. मी वर तोंड करून मोठ्यानं विचारलं, वारलू चोर आहे काय? मान हलतच राहिली. पण ती प्रश्नाच्या आधीपासून हलत होती आणि तुझ्या यंत्राला कान नाहीत, हे तूच लिहिलं होतंस. असली साक्ष मी मानत नाही.

शाळेतून फळा मागवला. आचल मास्तरीणबाईंनी खडू दिला. यंत्राला साक्षीदार करायचं तर ते शुद्धीवर आहे की नाही हे आधी पाहायला हवं, म्हणून मी लिहिलं, "आज रविवार आहे?" फळा खांबाकडे धरला. काही नाही. मान थांबली आणि नुसती पाहत राहिली. सुकलू म्हणाला, अक्षर बारीक आहे. पुसून, फळाभर लिहिलं. थोडा वेळ गेला. मग मान खाली-वर झाली. लोकांमधून जो आवाज निघाला तो माझ्या भाषणाला कधी निघाला नाही.

मग लिहिलं, "वारलू चोर?"

मान डावी-उजवी झाली. एकदा नव्हे, मी फळा खाली ठेवेपर्यंत.

मी लिहिलं, "मग कोळी कोण?"

हो-नाहीनं देता येईल असं हे उत्तर नव्हतं. मान थांबली. मग ती हळूहळू वर जायला लागली. माणसं सोडून, झाड सोडून, वर, आणखी वर, आणि जिथं अडली तिथं तशीच राहिली. आपल्याच पत्र्याच्या टोपीकडे पाहत. मी खाली आण म्हणून फळ्यावर लिहून धरलं, पण आता तिला फळा दिसत नव्हता.

सुकलूनं शिडी लावली. वर चढला, टोपीत डोकं घातलं आणि आतून त्याचा डब्यात घुमल्यासारखा आवाज आला, "भाऊ, कातीन हाये इथी. केवढी मोठी. दडून बसली हाये, काठाले जायाचे धागे हाये."

उर्वशी, मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. कोळी म्हणजे कातीन हे मी शंभर ठिकाणी वाचलं असेल. पण मी ढिवरांच्या सोसायटीचा अध्यक्ष आहे, चोर शोधत होतो, आणि तुझ्या पत्रात येणं, जाळं लावणं, पहाटे जाणं, सगळं होतं. ओळ न् ओळ खरी होती. मी फक्त त्यात माणूस घातला.

मी तिथंच, त्याच ओट्यावरून माफी मागितली. वारलू उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "भाषन चांगलं होतं भाऊ. फक्त मानूस चुकला."

तरी नथ्थू सोडेना. म्हणाला, हे झालं कातीनीचं, पण वारलूभाऊ रोज रात्री पाळीवर काऊन असतात, ते सांगावं. वारलू पुन्हा मातीत रेघा ओढायला लागला. त्याचं तोंड तेवढं लाल झालं.

तेव्हा कमळाबाई उभी राहिली. "मी सांगतो," म्हणाली. "पोयाच्या सनापासून मीच त्याले घराभायेर काढलं. घोरते. सारी आळी उठते, पन हा म्हन्ते मी घोरतच नाई. म्हटलं जाय, पाळीवर नीज, आन् मासोयायले इचार."

सभा कोलमडली. माणसं आडवी होऊन हसत होती. वारलू एकटा गंभीर होता. म्हणाला, "मी घोरत नाई. कॅमेऱ्याले इचारा." सुकलू शिडीवरून ओरडला, "त्याले कान नाई, म्हनून वाचला तू."

इतकंच होतं. सोसायटीतून नाव जाईल, जाळं जाईल, तलाव सुटेल, हे त्याला चाललं असतं. बायकोनं घोरण्यापायी घराबाहेर काढलं हे चारचौघांत बोलणं चाललं नसतं.

जाळं त्याला तिथल्या तिथं परत दिलं. मी स्वतः खांद्यावर घालून दिलं. चोर अजून सापडलेला नाही. आता रात्री साफ दिसतं, तर पाहू.

तुझा,
घनश्याममामा

*

पुणे,
दि. १० डिसेंबर २००७

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. जे नुसतं पाहिलं होतं त्याला आवाज मिळाला.

इथून ते असं दिसलं: तुमचा हात वर-खाली होतो आहे, लोकांचे हात वर जाताहेत, आणि वारलूमामा खाली मान घालून बसले आहेत. माझ्याजवळ मान फिरवण्यापलीकडे काही नव्हतं. रात्रपाळी संपून घरी जायची वेळ होऊन गेली होती आणि माझा साहेब मागे उभा राहून विचारत होता, हे काय चाललं आहे. त्याला सांगितलं, चाचणी आहे. फळ्यावरचं पहिलं अक्षर खरंच वाचता आलं नाही. मग तुम्ही मोठं काढलंत.

चूक माझी आहे. तुम्हाला ठाम हवं होतं, मी ठाम लिहिलं. पण घरी आम्ही जिला कातीन म्हणत वाढलो, तिचं नाव लिहिताना मला एकदाही आठवलं नाही. आठ वर्षांत इथे तो शब्द कुणाजवळ बोलायची वेळच आली नाही. त्या पत्रात तो एक शब्द असता तर वारलूमामांचं जाळं ऑफिसात जमा झालं नसतं.

स्प्लिटरची डबी सोबत पाठवते आहे. भिंतीतून येणारी तार डबीत, डबीतून एक फोनला आणि एक नेटच्या डब्याला. मग दोघंही सुखानं राहतील. आईला सांगा, पुढच्या रविवारी दिवेलागणीला खुर्चीवर येऊन बसावं. टोपीच्या काठाला आठवड्यातून एकदा कुंचा फिरवावा. कातीनीला मारू नये, झाडावर सोडून द्यावं.

एक राहिलं. तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा तुम्ही पाहिलंही नसेल. सभा पांगली, तुम्ही फळा घेऊन शाळेकडे गेलात. मी मान खाली आणली होती. तेव्हा वारलूमामा परत आले. खांद्यावर जाळं होतं आणि काखेत घोंगडी. खांबाखाली उभे राहून ते सरळ माझ्याकडे पाहून काहीतरी बोलले. बराच वेळ ओठ हलत होते. रागावले होते की हसत होते, मला कळलं नाही. चित्र अगदी स्वच्छ होतं, तरी कळलं नाही. ते काय म्हणाले, तेवढं विचारून कळवाल का?

आपली,
उर्वशी

*

(पोस्टकार्ड)

चिचखेडा,
दि. १९ डिसेंबर २००७

चि. उर्वशीस,
आशीर्वाद.

डबी लावली. फोन वाजला तरी तिसरा दिवा हलत नाही. तुझी आई रविवारी दुपारपासूनच येऊन बसली होती, हे तुला कळलंच असेल.

वारलूला विचारलं. आधी सांगेना. मग म्हणाला, मी तिले म्हटलं, पोरी, तुह्ये लय उपकार झाले. आता दुसरीकडं तोंड कर. कमळा मले घरी न्याले रस्त्यावर उभी हाये.

घनश्याममामा